भाटकार पणजोबांचं चरित्र लिहायचंय? आधी जमीन वाचा

इथे गोव्यात, फोंड्यात, कुणाच्या घरी भाटकार, म्हणजे जमीनदार, पणजोबांची शताब्दी आली की मला फोन येतो. "काकी, आमच्या पणजोबांवर स्मरणिका काढतोय. मोठे भाटकार होते, राजकारणात होते. कागद आहेत, पण सगळे पोर्तुगीजमध्ये." वकिलाच्या कचेरीत जुन्या दस्तांची भाषांतरं करण्यात माझी उभी नोकरी सरली. पोर्तुगीज मी शिकले सासऱ्यांकडून, ते सेगुंद ग्राव, म्हणजे पोर्तुगीज शाळेतली एक परीक्षा, पास होते. त्यामुळे हे कागद म्हणजे काय असणार, ते पिशवी उघडण्याआधीच ठाऊक असतं. कोटातला एक फोटो, गव्हर्नरासोबत दुसरा, चौकटीतली एखादी पदवी आणि कुठल्याशा भाषणाचं कात्रण.

एवढ्यावर लिहायला बसलात तर आरती होईल, चरित्र होणार नाही. त्या काळच्या भाटकाराला मत होतं ते जमिनीमुळे, मान होता तो जमिनीमुळे, आणि कोर्टकज्जे होते तेही जमिनीमुळेच. म्हणून आधी जमीन वाचायची. भाषणं मागाहून वाचली तरी चालतात, आणि तेव्हा ती जास्त कळतात.

सुरुवात गावापासून करा. घर कुठे होतं एवढं पुरत नाही, जमीन कुठल्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगिजांनी जिंकलेल्या कुठल्या मुलखात, होती ते पाहा. तिसवाडी, बार्देश, साष्टी हे तालुके सोळाव्या शतकातच पोर्तुगिजांकडे गेले, ती जुनी काबिजाद. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे, सांगे, केपे, काणकोण हा मुलूख अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गेला, ती नवी. दोनशे वर्षांचं हे अंतर कागदांत जागोजाग दिसतं. जुन्या काबिजादीत गावची जमीन गावकारीची, म्हणजे कोमुनिदादीची, गावच्या मूळ घराण्यांच्या सामायिक संस्थेची. तिथले रीतिरिवाज पोर्तुगिजांनी 1526 मध्ये फोरालात, म्हणजे सनदेत, लिहून घेतले. तिथला भाटकार बहुधा स्वतः गावकार. तो जोण, म्हणजे गावकारीच्या उत्पन्नातला वाटा, घेतो, खाजनातली (खाडीकाठची, बांध घातलेली) शेतं पावणीत, म्हणजे लिलावात, बोलतो, आणि वर्षाला ठरलेला फोर भरून गावकारीची पडीक जमीन आफोरामेंताने कायमची आपल्याकडे ठेवतो. हे शोधायला कोमुनिदादींच्या प्रशासकाची कचेरी आहे: बार्देशला म्हापशात, तिसवाडीला पणजीत, साष्टीला मडगावात.

नव्या काबिजादीत चित्र वेगळं. देसाई, मोकासदार (इनामदार), देवस्थानं यांचे हक्क आधीच्या राजवटींपासून चालत आलेले होते आणि पोर्तुगिजांनी ते बऱ्याच अंशी तसेच चालू ठेवले. सत्तरीच्या राण्यांची 1852 आणि 1895 ची बंडं आपण शौर्यकथा म्हणून ऐकत आलो. ती तशी आहेतच. पण घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्याने त्या वर्षांच्या आसपासचे हक्क आणि महसुलाचे कागदही बघावेत. कोण कुठल्या बाजूला उभा राहिला आणि का, याचं उत्तर पुष्कळदा तिथे सापडतं.

हिंदू घराणं असेल तर देवळात जायला विसरू नका, आणि नुसतं नमस्काराला नको. माझानींचं, म्हणजे देवस्थानांच्या महाजन मंडळांचं, पहिलं रेग्लामेंत (नियमावली) 1886 चं, पुढचं 1933 चं. महाजनांची यादी ठेवणं त्यातूनच आलं. त्या यादीत तुमचं घराणं कुठल्या वांगडात (घराण्यांच्या गटात), कुणाच्या मागे कुणाचं नाव चढलं, दत्तक कोण, हे सगळं मिळतं. वंशावळ घरच्या आठवणींवरून काढू नका, या यादीवरून काढा. घरच्या आठवणीत निपुत्रिक काका आणि भांडून वेगळा झालेला भाऊ नेमके गळतात. 1914 पासूनचे जन्म, विवाह, मृत्यू नागरी नोंदणीत पाहता येतात.

आता मुख्य कागद. एकच दस्त मिळवायची ताकद असेल तर इव्हेंतार, म्हणजे मृताच्या मालमत्तेची कोर्टातली यादी, मिळवा. भाटकार वारला की वाटणीसाठी कोर्टात इव्हेंतार व्हायचा, आणि वारसांत अज्ञान मुलं असली तर हमखास व्हायचा. काबेसा द काझाल म्हणून घरातलं एक माणूस शपथेवर सगळी मालमत्ता सांगायचं आणि ती क्रमांकाने लिहिली जायची. प्रत्येक जमिनीचं नाव, चारी दिशांच्या हद्दी, काय पिकतं, कोण कसतो, मोल किती. भाट (बागायत) असेल तर उत्तरेला ओहोळ, दक्षिणेला देवस्थानाची जमीन, पूर्वेला अमक्याचे वारस, पश्चिमेला वाट. त्यामागून हंडे, घंगाळी, समया, सोनं. पाटापर्यंत मोजलेलं असतं. सगळ्यात शेवटी येणी आणि देणी.

बहुतेक मंडळी जमिनींची यादी पाहून हरखतात आणि तिथेच थांबतात. तुम्ही शेवटची पानं आधी उघडा. एका घराण्याचं काम करताना (नाव सांगत नाही, माणसं अजून आहेत) घरच्यांनी मला सांगितलं होतं की आजोबांनी गावासाठी हात सैल सोडला. देण्यांच्या पानावर दुसऱ्या एका भाटकाराचं मोठं कर्ज होतं, एक कुळागर (पोफळीची बाग) त्याच्याकडे गहाण, आणि गहाणाचं साल निवडणुकीचं. ज्याच्याकडे गहाण होतं तोच पुढे नगरपालिकेत त्यांचा कट्टर पाठीराखा म्हणून दिसतो. मग 'हात सैल सोडला' हे वाक्य खोडायचं नाही, त्याच्या शेजारी गहाणाची तारीख लिहायची. वाचणारा आपलं आपण समजतो.

पोर्तुगिजांचा 1867 चा दिवाणी कायदा गोव्यात 1870 पासून लागू झाला, आणि 1880 मध्ये इथल्या हिंदूंच्या रूढींसाठी वेगळी संहिता आली. याचे दोन परिणाम चरित्रकाराने ध्यानात ठेवावेत. पहिला असा की 'त्यांच्या नावावर इतकी भाटं होती' असं बेधडक लिहू नये. एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून नाव त्यांचं आणि मालकी चार भावांची, असं सर्रास असे. दुसरा माझ्या आवडीचा. नवरा-बायकोची मालमत्ता सर्वसाधारणपणे सामायिक, त्यामुळे जमीन विकायची तर बायकोलाही दस्तात यावं लागे. स्मरणिकेत जिचा 'धर्मपत्नी' या एका शब्दात निकाल लागतो, ती नोटारीच्या पुस्तकात पूर्ण नावाने, कुणाची कोण, राहणार कुठली, अशी भेटते. तिला लिहिता येत होतं की नाही तेही कळतं, कारण येत नसेल तर तिच्या वतीने दुसऱ्याने 'आ रोगो' सही केलेली असते. एका दस्तात नवऱ्याची सही लपेटदार, शेजारी बायकोची देवनागरीतली सही, प्रत्येक अक्षर सुटं आणि शिरोरेषा पट्टीने ओढल्यासारखी सरळ. त्या घरात आजीला अक्षर येत होतं हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं.

दस्तांची मूळ पुस्तकं जुन्या नोटारींची. आता तालुक्याच्या सब-रजिस्ट्रारकडे किंवा पणजीच्या पुराभिलेखागारात. जमिनीची नोंद कोंझेर्वातोरीच्या, म्हणजे जमीन नोंदणी कचेरीच्या, पुस्तकांत 'दिस्क्रिसांव' (वर्णन) क्रमांकाने असते, कराची नोंद मात्रीझ क्रमांकाने. आजचा सर्व्हे क्रमांक या दोघांहून निराळा, तो 1968 च्या महसूल संहितेनंतरच्या मोजणीतला. तीन क्रमांक एकमेकांना जोडणं हे खरं कष्टाचं काम, आणि ते टेबलावर बसून होत नाही. जुन्या कागदात जमीन नावाने ओळखली जाते. ते नाव घेऊन गावात जा आणि पन्नाशीपुढच्या एखाद्या पाडेल्याला (नारळ पाडणाऱ्याला) किंवा शेतकऱ्याला विचारा. तो बोट दाखवून हद्दी सांगेल. मग एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्याचा सातबारा, काढून ताडून बघा.

नावं वाचताना अडखळाल, म्हणून थोडं सांगून ठेवते. कारकून ऐकू येईल तसं पोर्तुगीज वळणाने लिहायचा. 'श' ला एक्स, म्हणजे शंकर, शाबा, शांबा हे सगळे एक्सखाली शोधायचे. शेणव्याचा सिनाय, प्रभूचा पोरोब, कामतांचा कामोतिम, पैंचा पोय. सूची पुष्कळदा पहिल्या नावाने लावलेली असते, तेव्हा आडनाव धरून बसलात तर दिवस फुकट. एकच माणूस दोन दस्तांत दोन तऱ्हेने लिहिलेला असला तर बापाचं नाव आणि गाव जुळवा. व्यवसायाच्या जागी 'प्रोप्रिएतारियु' असेल, म्हणजे जमीनमालक. मुलाच्या दस्तात तिथेच 'आदव्होगाद' (वकील) किंवा 'नेगोसियांत' (व्यापारी) आलं, तर घराची दिशा कधी बदलली ते तुम्हाला मिळालं.

पैशांचं: जुन्या कागदांत अश्रफी असते, 5 तांगांची, म्हणजे 300 रैसांची. पुढे रुपया, 16 तांगांचा. 1958 मध्ये एस्कुद आला, रुपयाला 6 या दराने. या रकमांचे आजचे रुपये करायच्या फंदात पडू नका, ते आकडे थापा असतात. त्याच वर्षी त्याच वहीत भाताची खंडी काय भावाने गेली ते बघा आणि तसंच लिहा. खंडी म्हणजे 20 कुडव, हे मात्र एकदा तळटीपेत सांगा, नव्या पिढीला माहीत नसतं.

वही म्हणजे घरची हिशेबाची वही. दस्त पोर्तुगीजमध्ये आणि वही मोडीत किंवा बाळबोधात, अशी हिंदू भाटकारांच्या घरची तऱ्हा. ती बहुधा माळ्यावर असते, कसर लागलेली. उन्हात वाळत घालू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. मऊ ब्रशने झाडा, सावलीत हवा लागू द्या, पानापानाचे फोटो काढा आणि सुती कापडात गुंडाळून ठेवा. कुणाकडून किती खंड आला, कुणाचा थकला, कुणाला माफ झाला, कुणावर दावा लावला, हे या वहीतच सापडेल. दुष्काळी साल ओळखायला इतिहासाचं पुस्तक लागत नाही, थकबाकीचा रकाना पुरतो.

एवढं झालं की राजकारणाकडे वळा. मताधिकार त्या काळी सगळ्यांना नव्हता. संपत्ती, कर, साक्षरता अशा अटी काळानुसार बदलत राहिल्या, पण भाटकार त्यातून सहसा वगळला गेला नाही. 'लोकांनी निवडून दिलं' असं लिहिण्याआधी मतदार कोण होते ते बघा. तुमच्या पणजोबांची कुळं त्यांत बहुधा नव्हती.

गोव्यातून लिस्बनच्या संसदेवर प्रतिनिधी जायला 1822 मध्ये सुरुवात झाली. एकोणिसाव्या शतकातलं साष्टीचं राजकारण समजून घ्यायचं तर दोन वर्तमानपत्रं शेजारी ठेवावी लागतात. मडगावचं 'ओ उल्त्रामार', 1859 मध्ये बेर्नार्द फ्रांसिस्क द कोश्त यांनी काढलेलं. ते संसदेवर प्रतिनिधी होते, छापखान्याचे मालक होते, आणि शेती कशी करावी यावरही त्यांनी लिहिलं. दुसरं 'अ इंदिया पोर्तुगेझा', 1861 चं, ओर्लीच्या लोयोला घराण्याचं. ही दोन घराणी म्हणजे दोन पक्ष, आणि पक्षांमागे जातींची फळी होती. नगरपालिकेची निवडणूक म्हणजे तेव्हा हातघाईच. 21 सप्टेंबर 1890 ला मडगावच्या चर्चच्या परिसरात निवडणुकीवरून गोळीबार झाला, माणसं मेली. त्या आठवड्याचे दोन्हीकडचे अंक वाचा. एकीकडचा हुतात्मा दुसरीकडे दंगेखोर असतो. तुमच्या पणजोबांविषयी फक्त त्यांच्या बाजूच्या पत्रातलं कात्रण घरात उरलेलं असणार. विरोधकांनी काय छापलं ते तुम्हालाच जाऊन शोधावं लागेल, आणि नेमका तोच मजकूर चरित्रात जीव आणतो.

हिंदूंसाठी दार उघडलं ते पोर्तुगालमधल्या 1910 च्या प्रजासत्ताकाने. त्यानंतरची हिंदू भाटकारांची पिढी नगरपालिकांत, सरकारी कौन्सिलात, शाळा काढण्यात दिसू लागते. त्यांच्यासाठी केप्याहून निघणारं गो. पुं. हेगडे देसाई यांचं 'भारत' हे पत्र पाहायलाच हवं. मराठी वाचणाऱ्यांत तेव्हा काय बोललं जात होतं ते त्यात उतरतं. 1916 पासून भरलेल्या प्रांतिक काँग्रेसचे (ही गोव्यातली परिषद, काँग्रेस पक्ष नव्हे) छापील खंडही चाळा, त्यांत शेती आणि जमिनीवर निबंध आहेत. 1926 नंतर मात्र सावध. हुकूमशाही आली, सेन्सॉर बसला. त्या पुढच्या अंकात पणजोबांनी सरकारची स्तुती केली असेल तर तिला फार वजन देऊ नका, आणि गप्प राहिले असतील तर त्यालाही फार मोठा अर्थ चिकटवू नका.

भाटकार म्हणजे सरकारधार्जिणा, हे सरसकट समीकरणही चालत नाही. चांदरच्या मोठ्या जमीनदार घराण्यातले लुईश द मेनेझिस ब्रागांझा यांनी 1930 मध्ये, कोलोनियल आक्ट, म्हणजे पोर्तुगालचा वसाहतींसाठीचा कायदा, आला त्याच साली, कौन्सिलात त्याविरुद्ध ठराव मांडला. दुसऱ्या टोकाला पेडण्याचं देशप्रभू घराणं पाहा, पोर्तुगीज राजाकडून विश्कोंद ही सरदारी पदवी मिळालेलं. तुमचे पणजोबा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतील. ते 'कुठेतरी' म्हणजे नेमकं कुठे, एवढं ठरवलं तरी चरित्र उभं राहतं.

नेमणुका, पदव्या, निवडणुकीचे निकाल पडताळायला 'बोलेतीं' आहे, 1837 पासूनचं सरकारी पत्र. 'कोमेंदादोर (एक पोर्तुगीज सरकारी किताब) होते' असं घरात सांगतात, तर बोलेतींमध्ये तारीख मिळेपर्यंत ते कच्च्या वहीतच ठेवा. बोलेतीं आणि जुनी वर्तमानपत्रं पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात. त्या ग्रंथालयाची सुरुवात 1832 ची. पर्वरीचं झेवियर संशोधन केंद्रही उपयोगी पडतं. लिस्बनच्या संसदेतली जुनी भाषणं आता तिथल्या संकेतस्थळावर तारखेनिशी वाचता येतात, घरबसल्या. नावेलीचे फ्रांसिस्क लुईश गोमिश 1861 पासून तिथे काय बोलले ते मी रात्री जेवणं आटोपल्यावर स्वयंपाकघरात बसून वाचलं आहे.

आणि मग कुळांकडे जा. हे काम बहुतेक घराणी टाळतात, मुद्दाम नव्हे, अवघडल्यामुळे. 1961 नंतर सगळं फिरलं. 'कसेल त्याची जमीन' म्हणत बांदोडकरांचं सरकार आलं, 1964 चा कूळ कायदा, 1975 चा मुंडकार (भाटकाराच्या जमिनीत घर असलेला) कायदा, कूळ कायद्याची 1976 ची पाचवी दुरुस्ती, आणि कूळ मालक झालं. मामलेदाराच्या कचेरीतल्या त्या खटल्यांमध्ये कुठल्या शेतात कोण होतं याची नावं आहेत. ती नावं घेऊन घरोघर जा. चहा घ्या. "आमचे पणजोबा कसे होते?" असं विचारू नका, समोरचा सभ्य माणूस असेल तर "देवमाणूस" म्हणेल आणि विषय संपेल. "खंड कुठे मोजायचात? माप कुणाचं असायचं? चवथीला माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या मांडवाचं) सामान कोण पोचवायचं?" असं विचारा. एका म्हातारीने मला घाटली, कांगलां, सुपारीचे शेंडे, तोरिंगण अशी यादी एका दमात म्हणून दाखवली, कारण ती रानातून आणून भाटकाराच्या घरी पोचवणं तिच्या बापाचं काम होतं. स्वतःच्या घरी माटोळी बांधायला तिच्या घरचे दुपारी मोकळे होत. चरित्रात हे जसंच्या तसं घ्या. भाटकार चांगला होता की वाईट याचा निवाडा करायची गरज नाही.

लिहायच्या वेळी जन्मापासून सुरू करण्याची सक्ती नाही. मी सांगेन की जमिनीच्या नकाशाने सुरू करा, हाताने काढलेला चालेल. मग घर, बायका, भाऊ, वही, कुळं. मग राजकारण. पदव्या एका परिच्छेदात उरका. परिशिष्टात कुळांची आणि मुंडकारांची नावं घाला, त्यांना विचारूनच, आणि छापलेली एकेक प्रत त्यांच्या घरी नेऊन द्या. ग्रंथालयाला दोन द्या.

छापण्याआधी मसुदा वकिलाला दाखवा. घरात वाटणीचा दावा चालू असेल, कुळाशी केस असेल, तर त्या जमिनीपुढे 'आमच्या मालकीची' असं लिहू नका, सर्व्हे क्रमांक तर नकोच. 'वडिलोपार्जित' हा शब्दही जपून वापरा. तुम्हाला ती स्मरणिका वाटते, समोरचा वकील तिच्या पान 34 वर खूण करून तिला पुरावा म्हणून हजर करतो. मी अशा पानांची भाषांतरं करून दिली आहेत.